पाकळ्या नसलेला गुलाब

डोंबिवली पूर्वेला रामनगरच्या बालभवनात हिवाळ्यात गुलाबांचं प्रदर्शन भरत आलं आहे. ठाण्यात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शन भरतं, त्यातही गुलाब असतात. अशा प्रदर्शनांत जास्त गर्दी होते ती मोठ्या, डौलदार हायब्रिड टी गुलाबांपाशी. एका दांड्यावर एकच फूल, मधला भाग उंच आणि पाकळ्या घट्ट गुंडाळलेल्या. गुलाबात मुरलेली माणसं मात्र तिथे फार रेंगाळत नाहीत. त्यांना पाहायचा असतो पट्ट्यापट्ट्यांचा गुलाब, पाकळीची पाठ वेगळ्या रंगाची असलेला गुलाब. आणि एखाद्या कोपऱ्यात हिरवा गुलाब ठेवलेला असला तर तिथे वाद ठरलेला. हे फूल म्हणायचं की पानांचा झुपका?

प्रश्न रास्त आहे. हिरव्या गुलाबाला पाकळी नावाची गोष्टच नाही. गुलाबाच्या कळीला बाहेरून धरून ठेवणारी पाच हिरवी संदलं आपण रोज पाहतो. या झाडात आतल्या सगळ्या वेढ्यांत तीच उगवतात. पाकळ्यांच्या जागी संदलं, पुंकेसरांच्या जागी संदलं, अगदी मध्यभागीसुद्धा संदलंच. परागकण नाहीत, बीजांडं नाहीत, त्यामुळे फळ धरत नाही आणि बी होत नाही. चीनमधल्या जुन्या गुलाबांच्या घराण्यातलं हे झाड इंग्लंडमध्ये १८५६ च्या सुमाराला विक्रीला आलं. आता विचार करा: बी नसलेलं झाड दीडशेहून जास्त वर्षं जगलं कसं? दर पिढीत कुणीतरी त्याची फांदी कापून लावली, दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. एकही पिढी कंटाळली असती तर हा गुलाब संपला असता. आज जगात जिथे जिथे हिरवा गुलाब आहे, तिथे तो त्याच एका झाडाचा तुकडा आहे. मला या फुलापाशी उभं राहिलं की त्याच्या रंगापेक्षा या गोष्टीचंच जास्त आश्चर्य वाटतं.

हे घडतं कशामुळे, तेही तितकंच थक्क करणारं आहे. फूल घडताना बाहेरून आत चार वेढे तयार होतात: संदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर. कुठल्या वेढ्यात काय उगवायचं हे जनुकांचे तीन गट मिळून ठरवतात. त्यांना अ, ब, क म्हणू. एकटा अ चालू असला की संदल होतं. अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, एकटा क असला की स्त्रीकेसर. ब आणि क दोन्ही गप्प बसले तर उरतो फक्त अ, आणि चारही वेढ्यांत संदलं येतात. हिरवा गुलाब म्हणजे नेमकं हेच.

गंमत अशी की ज्या भरगच्च गुलाबांसमोर गर्दी असते, तेही याच हिशेबातल्या फेरबदलातून आले आहेत. रानातल्या गुलाबाला साधारणपणे पाचच पाकळ्या असतात आणि मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका. क गटाची हद्द जराशी आत सरकली की बाहेरच्या बाजूच्या पुंकेसरांच्या पाकळ्या होऊ लागतात. पाचाच्या वीस, विसाच्या चाळीस. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पूर्ण उमललेला, उतरणीला लागलेला एखादा टपोरा गुलाब घ्या आणि मधल्या चिमुकल्या पाकळ्या सुट्या करा. एखाददुसऱ्या पाकळीच्या कडेला पुंकेसराचं पिवळं बोंड चिकटलेलं सापडतं. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर. निर्णय अर्धवट राहिला होता, त्याचा हा पुरावा.

पट्टेदार गुलाबांची कथा वेगळी आहे. फांदीच्या कोवळ्या टोकाशी पेशींचे थर असतात. त्यांतल्या एखाद्या पेशीत जनुकबदल झाला आणि तिची वंशावळ एका थरात पसरली, तर त्या फांदीवरची फुलं बाकीच्या झाडापेक्षा वेगळी येतात. गुलाबवाले अशा फांदीला ‘स्पोर्ट’ म्हणतात. युरोपातला ‘रोझा मुंडी’ हा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा गुलाब असाच एका जुन्या लाल गुलाबाच्या फांदीवर आला. आजही त्याची एखादी फांदी अधूनमधून मूळ लाल फुलांवर परत जाते. आपल्याकडे दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात वाट पाहत बसण्याऐवजी ‘किस ऑफ फायर’ या वाणावर किरणांचा मारा केला. त्यातून पट्टेदार ‘अभिसारिका’ मिळाली. ‘गुलजार’वर रसायनाचा प्रयोग झाला आणि जांभळट रेघांचा ‘मदहोश’ निघाला. या संस्थेत गुलाबाची पायवाट पाडणारे डॉ. बेंजामिन पिअरी पाल मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक, आणि त्यांनी स्वतः गुलाबाचे अनेक वाणही काढले.

सगळ्यात मोठा अपघात मात्र रंगाचा नाही, ऋतूचा आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. चीनमधले काही गुलाब सतत फुलायचे. अठराव्या शतकाच्या शेवटी ते युरोपात पोचले. त्यांच्यातलाच एक म्हणजे फिकट गुलाबी ‘ओल्ड ब्लश’. गुलाबात फुलण्याला लगाम घालणारं एक जनुक असतं. सतत फुलणाऱ्या गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसला आहे. त्यामुळे लगाम निकामी होतो आणि झाडाच्या जवळजवळ प्रत्येक फुटीला फूल येतं. हे संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्याहून नवल पुढेच आहे. ‘ओल्ड ब्लश’चा एक वेलीसारखा चढणारा स्पोर्ट आहे. त्यात तो भटका तुकडा जवळपास सगळा निघून गेला, लगाम पुन्हा चालू झाला, झाड उंच वाढू लागलं आणि वर्षातून एकदाच फुलू लागलं. कल्याणच्या एखाद्या गच्चीतल्या कुंडीत वर्षभर फुलं येतात, ती शतकांपूर्वी चीनमध्ये चुकीच्या जागी घुसलेल्या या तुकड्यामुळे.

आणि निळा गुलाब? रेल्वे स्टेशनबाहेर मिळणारा गडद निळा गुलाब रंगवलेला असतो: पांढऱ्या फुलाचा दांडा रंगीत पाण्यात बुडवायचा किंवा वरून रंग मारायचा. तो पाहून कुणी फसू नये. निळाईसाठी लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य बनवण्याची सोयच गुलाबात नाही. सनटोरी या जपानी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं आणि २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाने ते फूल बाजारात आणलं. तरी रंग फिकट जांभळाच आला. प्रदर्शनात ‘ब्लू’ नाव लावलेली फुलंही अशीच जांभळी असतात, आणि मला तीच जास्त आवडतात. पाकळीने स्वतः कमावलेला रंग आहे तो.

वेगळेपणाचं हे वेड गुलाबापुरतं नाही. इंग्लंडमध्ये ऐन थंडीत फुलणाऱ्या स्नोड्रॉप नावाच्या पांढऱ्या इवल्याशा फुलाचे शौकीन गुडघे टेकून त्याच्या आतल्या पाकळीवरचा हिरवा ठिपका न्याहाळतात. ठिपका हिरव्याऐवजी पिवळा निघाला, एखादा जास्तीचा आला, की नवीन वाण. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ या वाणाचा एक कंद १,३९० पौंडांना विकला गेला. पैशाचा भाग सोडून द्या. ज्याला तो ठिपका पहिल्यांदा दिसला, त्या माणसाचं कौतुक करावंसं वाटतं.

आपल्या हवेत तर गुलाब टिकवणंच कष्टाचं आहे. चार महिन्यांच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडतात, पानं गळतात, फांद्या टोकाकडून सुकत येतात. पाऊस ओसरला की छाटणी करायची, कापलेल्या टोकांना बुरशीनाशकाची पेस्ट लावायची, शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची. छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात, म्हणून प्रदर्शनाच्या तारखेवरून उलटा हिशेब करून छाटणीचा दिवस ठरवावा लागतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीच्या जाळीत दोन कुंड्या ठेवून, लोकलच्या वेळा सांभाळून हे करणारी माणसं आहेत. टेबलावरच्या बाटलीतलं एक फूल पाहताना या मेहनतीचीही आठवण ठेवायला हवी.

या माणसांच्या हातात एक साधी, विलक्षण कला असते: डोळा भरणं. रानटी, चिवट गुलाबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, हव्या त्या वाणाच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट त्यात बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. एका स्पोर्टचं रूपांतर जगभरच्या वाणात होतं ते एवढ्याने. अमेरिकेने वनस्पतीसाठी दिलेलं पहिलं पेटंट १९३१ मध्ये ‘न्यू डॉन’ नावाच्या अशाच एका स्पोर्टला मिळालं. एकदाच फुलणाऱ्या वेली गुलाबावर पुन्हा पुन्हा फुलणारी फांदी आली होती, आणि ती कुणाच्या तरी लक्षात आली.

तेव्हा घरी गुलाब असेल तर एवढं करा. एखाद्या फांदीवर वेगळ्या रंगाचं, पट्ट्यांचं, विचित्र घडणीचं फूल आलं, तर आधी ती फांदी कुठून निघाली आहे ते बघा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघाली असेल तर तो खुंटाचा फुटवा आहे, तो काढून टाका. वरून निघाली असेल तर कात्री लावू नका. फांदीला दोरा बांधा, फोटो काढून ठेवा, पुढच्या बहराला तसंच फूल येतं का पाहा. आलं, तर डोळा भरता येणाऱ्या माणसाला गाठून निदान दोन खुंटांवर ती फांदी उतरवून घ्या. एक कुंडी स्वतःकडे ठेवा आणि दुसरी शेजारी द्या.