कस खरा, घडण सदोष

साखरपुड्यासाठी हौसेने घेतलेली हिऱ्याची अंगठी महिन्याभरातच बोटावर खडखडू लागते. एखाद्या दिवशी हिरा गळून पडतो आणि रिकामे कोंदण तेवढे बोटात राहते. ग्राहक सराफी पेढीवर धाव घेतो, तेव्हा पुष्कळदा त्याला अंगठीच्या आतील बाजूचा हॉलमार्क दाखविण्यात येतो. सोने अस्सल असताना तक्रार कसली, असा प्रश्न होतो. प्रश्न वरकरणी रास्त वाटला, तरी त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे.

हॉलमार्क ही सोन्याच्या कसाची ग्वाही होय. भारतीय मानक ब्यूरोची ही योजना २००० सालापासून ऐच्छिक स्वरूपात चालू होती. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने निरनिराळ्या जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक आवश्यक ठरला. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर पडताळून पाहता येतो. हिऱ्याच्या अंगठीवर बहुधा ७५० हा आकडा आढळतो. हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोने, म्हणजेच १८ कॅरट, असा त्याचा अर्थ. अधिक कसाचे सोने मऊ असल्याने खडा घट्ट धरून ठेवण्यास अपुरे पडते. म्हणून हे हीण मुद्दाम घातलेले असते, ती फसवणूक नव्हे. प्रत्यक्ष कस मात्र या आकड्यापेक्षा कमी भरला, तर ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांनुसार तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो.

घडणीतील दोष या तपासणीच्या कक्षेत येतच नाहीत. आजच्या बहुतेक अंगठ्या ओतीव असतात. मेणाच्या नमुन्याभोवती साचा तयार करून त्यात वितळलेले सोने ओततात. त्या वेळी वायू अडकून राहिला किंवा सोने थिजताना आकसले, तर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. झिलईखाली त्या दडून जातात आणि पुढे नेमक्या त्याच जागी चीर पडते. डाख कच्चा राहिला, किंवा हिऱ्याला धरणारी टोके एकसारखी दाबली गेली नाहीत, तरी परिणाम तोच. पांढऱ्या सोन्यावरील ऱ्होडियमचा मुलामा कालांतराने उतरणे हा मात्र दोष नव्हे. ती वापरातील झीज आहे.

दोष ध्यानात येताच अंगठी वापरणे थांबवावे, निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि विक्रेत्याला लेखी कळवावे. गल्लीतील कारागिराकडून ती परस्पर दुरुस्त करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु एकदा नवा डाख बसला, की मूळ दोष कोणाचा हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. अंगठी पेढीवर ठेवावयाची झाल्यास वजन, ओळख क्रमांक आणि दोषाचे वर्णन नोंदलेली पोच घ्यावी.

येथे बहुधा एक तडजोड पुढे येते : अंगठी मोडीच्या भावाने परत घेऊ, नवी निवडा. दिसावयास उदार असलेल्या या प्रस्तावात घडणावळ आणि कर हे दोन्ही ग्राहकाच्या पदरचे जातात. म्हणजे ज्या घडणीत खोट निघाली, तिचेच पैसे बुडतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. सदोष माल परत घेऊन पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माल परत घेतला जाणार नाही, असे पावतीवर छापल्याने विक्रेता यातून सुटत नाही.

समेट न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. त्यानेही भागले नाही, तर ग्राहकाने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरविता येण्याजोगा नसेल, तर आयोग अंगठी मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो.