लग्नाच्या चौकातून गॅलरीत

पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायटीच्या कंपाउंडची भिंत रंगवायची ठरली, की हमखास एक पर्याय पुढे येतो: गेरूच्या लाल रंगावर पांढरी वारली माणसं. बालवाडीची भिंत असो, पुलाचे खांब असोत की चाकणच्या वाटेवरचं गावरान जेवणाचं हॉटेल, आकृत्या त्याच. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर वाटोळं डोकं, काडीसारखे हातपाय आणि मधोमध तारपा वाजवणाऱ्याभोवती धरलेला फेर. ‘आदिवासी कला’ म्हणून ती भिंतीवर येते, पण कोणत्या आदिवासींची, हे फारसं कोणी विचारत नाही. चाकणहून वायव्येला भीमाशंकरच्या डोंगराकडे गेलं तर महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या लागतात. ही चित्रं त्यांची नव्हेत. ती पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातल्या वारल्यांची. आणि तिथेही ती शोभेसाठी नव्हती.

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आतल्या कुडाच्या भिंतीवर शेण-माती सारवून गेरू देतात. तांदूळ वाटून पाण्यात कालवतात, बांबूची काडी टोकाला चेचून तिची कुंचली करतात आणि सवासिणी चौक लिहायला बसतात. चौकोनाच्या दाट नक्षीदार काठांच्या आत पालघाट देवी असते. तिच्याभोवती सूर्य-चंद्र, फणी, शिडी, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, भगत देवांना बोलावतो. पालघाट ही सुफलनाची देवी. तिचा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न पार पडलं की चित्राचं काम संपतं. पुढे ते धुराने काळवंडतं, पापुद्रे सुटतात, नव्या सारवणाखाली जातं. ते जपावं असं कोणाला वाटत नाही आणि खाली सही करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी, बिहारच्या दुष्काळात, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर जे काढत, ते कागदावर काढून विकता आलं तर हातात चार पैसे येतील, असा तो विचार होता. तिथल्या मधुबनी चित्रांचं नाव जगभर झालं ते त्यातून. डहाणूकडेही कुलकर्णी कागद घेऊनच आले. मात्र इथे वेगळं घडलं. मिथिलेत कागदावर बायकांचंच नाव झालं. इथे ठळकपणे पुढे आले ते पुरुष. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांतले पहिले.

म्हसे यांचा जन्म १९३४चा. लहानपणीच आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला. जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगे. लग्नाच्या चौकापलीकडे चित्र काढायला त्याला कारण लागलं नाही, हे त्या काळी वारली पुरुषासाठी नवलच होतं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र एकदा तरी निवांत पाहावं. अख्खा कॅनव्हास पांढऱ्या बारीक विणीने भरलेला, वीण कुठे घट्ट तर कुठे सैल, आणि कडेला ते अफाट जाळं ओढणारी माणसं नखाएवढी. कंपाउंडवरच्या ठोकळेबाज फेरात जो जिवंतपणा कुठेच सापडत नाही, तो इथे नुसत्या रेघेत आहे. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात ते होते. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले.

बाहेरचा माणूस कागद घेऊन येतो आणि देवाचं चित्र बाजाराकडे वळतं, ही गोष्ट बालीत चाळीस वर्षं आधीच घडली होती. तिथल्या क्लुंगकुंग भागात कामासन गावचे चित्रकार कापडावर रामायण-महाभारताचे प्रसंग रंगवत. आकृत्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातल्यासारख्या सपाट, आणि गिऱ्हाईक म्हणजे देऊळ नाहीतर राजवाडा. १९२७मध्ये वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार बालीत राहायला आला, मागोमाग डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट. उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्दा गेडे आगुंग सुकावती आणि बालीतलेच चित्रकार लेम्पाद यांच्यासह त्यांनी १९३६मध्ये ‘पिता महा’ ही चित्रकारांची संघटना उभी केली. आता कागदावर बाजार आला, भातखाचरं आली, रात्रीचं रान आलं, आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव आलं. बातुआन गावच्या चित्रकारांची काळ्या शाईतली शेकडो चित्रं मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याने जमवली.

दोन्हीकडचा फरक मात्र मोठा आहे. बालीच्या चित्रकारापाठीशी देऊळ होतं, राजवाडा होता. कसब कमावून तो आधीपासूनच चित्रकार म्हणून ओळखला जाई. ‘पिता महा’ने त्यात आणखी एक गोष्ट केली. पर्यटकांसमोर काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवताना चित्रांची पारख केली जाई. वारल्यांमध्ये चित्रकार हा धंदाच नव्हता. शेतमजुरी करणाऱ्या बायका लग्नापुरत्या चितारणाऱ्या होत. त्यामुळे बाजार आला तेव्हा पारख करायला कोणी नव्हतं आणि नक्कल करायला सगळं जग मोकळं होतं. आकृती दिसायला सोपी, एवढंच तिला भोवलं. उशीवर, कपावर, साडीच्या पदरावर ती पोहोचली, पण पालघाट देवी मागेच राहिली.

२०१४ साली ‘वारली पेंटिंग’ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला होता. मानांकनाने नाव राखता येतं. पिंपरीतल्या भिंतीवर छाप्याने उठवलेली आकृती त्याने थांबत नाही. ती थांबवावी का, हाही वादाचा मुद्दा. भिंतीचं काम डहाणूच्या चित्रकाराला द्यावं, हे त्याहून साधं आहे.

गंजाडचेच राजेश चैत्या वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर २०१३मध्ये एक काम सुरू केलं: ‘फील्ड्स ऑफ साइट’. गिल गावशिवाराचे कृष्णधवल फोटो काढतात. वांगड त्या फोटोंवर शाईने वारली आकृत्या काढतात. कॅमेऱ्यासमोर उजाड माळ असतो; वांगड त्यावर तिथलं गेलेलं रान, जुन्या कथांतले देव, हिंसेच्या आणि विस्थापनाच्या आठवणी भरतात. इथे वारली रेघ शोभेची राहत नाही, ती जागेची साक्ष देते. ही चित्रं कलादालनांत लागतात तेव्हा खाली गिल आणि वांगड अशी दोघांची नावं असतात.