बोटभर सैनिक, हातभर अफवा

सैन्याच्या हालचालींविषयी आवया उठणे ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु जे सैन्य एका टेबलावर मावते आणि ज्यातला शिपाई दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्याहूनही लहान असतो, त्याच्याविषयीच्या आवया ऐकायला चांगली कर्तीसवरती माणसे कान टवकारून बसतात, हे वाचकांना खरे वाटेल का? "नवे पुतळे येणार म्हणतात!" एवढे एकच वाक्य त्यांची झोप उडवायला पुरेसे होते.

हा छंद मूळचा इंग्लंडमधला. अशा लढायांचे नियम प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ सालीच 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले होते. आज या क्षेत्रात मोठे नाव आहे ते नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचे. दूरच्या भविष्यकाळात घडणाऱ्या युद्धाचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ तिने १९८७ साली काढला. पुतळ्यांचे सुटे भाग विकत घ्यायचे, ते चिकटवायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि मग मोजपट्टी व फासे घेऊन लढायचे. एक सैन्य उभे करण्यात वर्षभराच्या संध्याकाळी सहज खर्ची पडतात. म्हणूनच ते सैन्य बदलणार ही बातमी धन्याच्या काळजाला भिडते.

'सिस्टर्स ऑफ बॅटल' या चिलखत घातलेल्या रणजोगिणींचेच उदाहरण घ्या. १९९७ साली त्यांचे धातूचे पुतळे बाजारात आले. पुढे इतर सैन्ये एकामागून एक प्लॅस्टिकची होत गेली. जोगिणी मात्र धातूच्याच राहिल्या. जड, महाग आणि जोडायला त्रासाच्या! दरवर्षी कुणीतरी छातीठोकपणे सांगे, "यंदा नक्की!" आणि वर्ष कोरडेच जाई. अखेर 'प्लॅस्टिकच्या जोगिणी' हा थट्टेचाच विषय होऊन बसला.

यातली ग्यानबाची मेख आहे साच्यात. धातूचा पुतळा रबराच्या साच्यात ओततात. हा साचा स्वस्त, त्यामुळे थोडा माल काढणेही परवडते. प्लॅस्टिकला मात्र पोलादी साचा लागतो. तो घडवायला पैसा फार, म्हणून मोठा खप होण्याची खात्री हवी. आता पुतळे जुने, म्हणून गिऱ्हाईक थोडे. आणि गिऱ्हाईक थोडे, म्हणून नवा साचा लांबणीवर! अशा कोंडीत अफवेचे पीक जोमाने येते.

पण थट्टा करणाऱ्यांचे दात त्यांच्याच घशात गेले. २०१८ साली कंपनीने प्लॅस्टिकच्या जोगिणींची घोषणा केली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात आलेल्या पहिल्या पेट्या हातोहात संपल्या. 'स्क्वॅट' नावाच्या बुटक्या योद्ध्यांची कथा तर याहून मौजेची. नव्वदीच्या दशकात ते बाजारातून नाहीसे झाले होते. ते परत येत असल्याचे कंपनीने जाहीर केले, ते नेमके १ एप्रिल २०२२ रोजी! साहजिकच अनेकांना ती एप्रिलफूलची थाप वाटली. पण त्याच वर्षी 'लीग्ज ऑफ व्होटान' या नावाने ते खरोखरच अवतरले.

कंपनीही काही कमी नाही. आगामी पुतळ्याची एखादी तलवार, एखादा पाय, एवढाच तुकडा छायाचित्रात दाखवून ती स्वतःच तर्काला खतपाणी घालते. यात नुकसान होते ते उतावळ्याचे. अफवा ऐकून तो हौसेने रंगवलेले सैन्य पडत्या भावात विकतो आणि नव्याची वाट पाहत रिकाम्या टेबलाशी बसतो. दुसरीकडे, ज्याचे पुतळे विक्रीतून कायमचे जातात, त्यालाही त्यांचे मोठ्या स्पर्धांतले स्थान जाईल की काय ही धास्ती असतेच.

तेव्हा शहाण्याने अफवा ऐकावी, चार मित्रांत चवीने चघळावी; पण तिच्या भरवशावर घरचे सैन्य मोडू नये. जोगिणींना प्लॅस्टिकचे रूप लाभायला बावीस वर्षे लागली. तेवढ्या काळात ज्यांनी धातूच्या जोगिणी घेऊन लढाया मारल्या, त्यांचा खेळ झाला. बाकीच्यांची नुसतीच वाट पाहणी झाली.