क्लॅरिनेट का किंचाळते?

लग्नाच्या वरातीतला बँड आपण सर्वांनी ऐकलेला असतो. त्यात गाण्याची चाल आळवणारे काळे, लांब वाद्य म्हणजे क्लॅरिनेट. शाळांच्या बँडपथकांतही ते दिसते. ते नव्याने शिकणाऱ्या मुलांना एक अनुभव हमखास येतो. सूर निघण्याऐवजी किंकाळी निघते!

गेल्या वर्षी एका शाळेतल्या बँडशिक्षकांनी मला बोलावले. "सर, तुम्ही ध्वनी शिकवता. हा मुलगा रोज तासभर मेहनत करतो, पण वाद्य नुसते किंचाळते. त्याला आता ड्रमवर घ्यावे म्हणतो." नववीतला तो मुलगा मान खाली घालून उभा होता. दोष त्याच्या फुंकेचा, की हातातल्या वाद्याचा? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगानेच द्यायला हवे होते.

एका टोकाला बंद नळी

क्लॅरिनेटचा शोध जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी, इ. स. १७००च्या सुमारास, योहान डेनर या वाद्यकाराने लावला असे मानतात. भौतिकीच्या दृष्टीने हे वाद्य म्हणजे एक लांब नळी. तिचे खालचे टोक उघडे असते. वरच्या टोकाला माउथपीस असतो आणि त्याची फट इतकी अरुंद असते की ते टोक जवळजवळ बंदच समजावे.

एका टोकाला बंद असलेल्या नळीत मूळ सुराची तरंगलांबी नळीच्या चौपट असते, हे तुम्ही शिकला असाल. नेहमीच्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर सुमारे १४७ हर्ट्झ असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर तरंगलांबी २.३५ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा सुमारे ५९ सें.मी. वाद्य एकूण ६६ सें.मी. लांब असते आणि खालचा भाग घंटेसारखा पसरट असतो, तेव्हा हिशेब जवळपास जुळतो. जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या पाश्चात्त्य बासरीचा खालचा सूर मात्र २६२ हर्ट्झ असतो, कारण ती दोन्ही टोकांना उघडी असते.

सारा खेळ एका मिलिमीटरचा

माउथपीस बहुधा एबोनाइटचा, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचा, किंवा प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या सपाट बाजूवर रीड, म्हणजे एक पातळ पत्ती, कडीने घट्ट बसवतात. ही पत्ती बोरूसारख्या पोकळ पेरांच्या अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवताची असते. दक्षिण फ्रान्समधले हे गवत त्यासाठी प्रसिद्ध आहे.

माउथपीसची बाजू टोकाकडे किंचित वळत जाते. त्यामुळे पत्तीचे टोक आणि माउथपीसचे टोक यांत सुमारे एक मिलिमीटरची फट राहते. यामाहा कंपनीच्या '४सी' या शिकाऊ माउथपीसची फट १.०५ मि.मी. असते. फ्रान्समधील वांदोरॅन कंपनीच्या 'बी४५'ची फट १.१९५ मि.मी. असते. फरक वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा! पण वाजवणाऱ्याला तो पहिल्याच फुंकेत जाणवतो. असे का व्हावे?

आपण फुंकतो तेव्हा तोंडातली हवा फटीतून आत शिरते. नळीतल्या हवेचा दाब वरखाली होतो आणि त्या तालावर पत्ती फट उघडते-मिटते. ती एक झडपच होय. खालच्या सुराला ही उघडझाप सेकंदाला १४७ वेळा होते. आता फुंकेचा दाब वाढवत नेला, तर एका क्षणी पत्ती टोकाला चिकटते आणि वाट बंद होते. या दाबाला आपण 'बंदीचा दाब' म्हणू. पत्ती जितकी ताठ आणि फट जितकी मोठी, तितका हा दाब जास्त. म्हणजे तो पत्तीचा ताठपणा आणि फट यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. सोप्या सिद्धांताप्रमाणे बंदीच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश दाब दिला की सूर सुरू होतो.

समजा, एक मि.मी. फटीच्या माउथपीसवर सूर सुरू व्हायला पाण्याच्या २० सें.मी. स्तंभाइतका दाब लागतो. तीच पत्ती १.२ मि.मी. फटीवर लावली, तर २४ सें.मी. दाब लागेल. म्हणूनच फट मोठी असेल तर पत्ती मऊ हवी आणि फट लहान असेल तर पत्ती थोडी ताठ चालते. पत्त्यांवर छापलेले २, २½, ३ हे आकडे ताठपणाचेच असतात.

तुम्हालाही हा दाब मोजता येईल. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी 'यू'च्या आकारात फळीवर बांधा. तिच्यात रंगीत पाणी भरा आणि एका टोकातून सावकाश फुंका. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक ३० सें.मी. झाला, तर दाब सुमारे ३ किलोपास्कल झाला. मात्र हवा आत ओढू नका, नाहीतर पाणी तोंडात येईल!

काच आणि गॅरेजमधली पाती

आता त्या मुलाकडे वळू. त्याच्या वाद्यात मी दुसऱ्या मुलीचा माउथपीस नवी पत्ती लावून बसवला. किंकाळी थांबली. मग त्याचा माउथपीस तिच्या वाद्यावर बसवला, तेव्हा तिचेही वाद्य किंचाळू लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम इथे उपयोगी पडला.

पुढची तपासणी आणखी सोपी होती. काचेची सपाट पट्टी पत्तीच्या जागी माउथपीसवर धरली. मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमधून फीलर गेजची ०.०५ मि.मी. जाडीची पाती मागून आणली होती. ती फटीतून आत सरकवली. डाव्या कडेला ती जास्त खोल गेली, उजव्या कडेला अलीकडेच अडली. म्हणजे दोन्ही कडा सारख्या वळलेल्या नव्हत्या. अशा माउथपीसवर पत्ती तिरपी मिटते, नळीच्या कंपनाला ती नीट साथ देत नाही आणि एखाद्या फार उंच कंपनालाच धरून बसते. तीच किंकाळी. माउथपीस बहुधा कुणीतरी कडकडीत पाण्याने धुतला असावा. एबोनाइटचा रंगही उडून तपकिरी झाला होता.

निवड कशी करावी?

नवे माउथपीस घ्यायचे ठरले. शिक्षकांनी परत करण्याच्या बोलीवर तीन निरनिराळे नमुने आणले. पहिल्या दिवशी मुलांनी नाव व किंमत पाहून वाजवले आणि पाचही जणांनी सर्वांत महागडा नमुना पसंत केला! दुसऱ्या दिवशी आम्ही नावांवर चिकटपट्टी लावून क, ख, ग अशी अक्षरे लिहिली. पसंती लगेच तिघांत विभागली गेली.

तुम्हाला अशी चाचणी घ्यायची असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) वाद्य, खोली आणि पट्टी तीच ठेवा. पत्ती मात्र एकच ठेवून चालणार नाही. मोठ्या फटीला ताठ पत्ती लावली तर त्या माउथपीसवर अन्याय होईल. प्रत्येकाबरोबर दोन-तीन क्रमांकांच्या पत्त्या वाजवून पाहा.

२) तीनहून अधिक नमुने एका वेळी नकोत. ओठ थकले की शेवटचा नमुना वाईटच वाटतो. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा.

३) प्रत्येकावर तेच चार प्रयोग करा. खालचा सूर हळू सुरू करून लांबवा. तोच सूर अगदी बारीक होईपर्यंत ऐका. अंगठ्याची कळ दाबून वरच्या सप्तकात जा. इथे कंपनसंख्या दुप्पट न होता तिप्पट होते, तेव्हा सूर अडखळतो का ते पाहा. शेवटी जिभेने भराभर तोडून वाजवा.

४) हार्मोनियम किंवा मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन सूर जुळवा. माउथपीसच्या पोकळीतली जागा जास्त असली, तर नळी जणू लांब होते. ही वाढ ५ मि.मी.इतकी धरली, तर ६० सें.मी. नळीला ती एक टक्क्याहून कमी, पण बरीच छिद्रे उघडून उरलेल्या ३० सें.मी. नळीला पावणेदोन टक्के पडते. म्हणून खालचे सूर जुळतात आणि गळ्याजवळचे उतरतात.

५) ऐकणारा पाठमोरा बसवा आणि दोघांनीही वेगवेगळे गुण लिहावेत.

६) एकाची पत्ती दुसऱ्याने तोंडात घालू नये. माउथपीस प्रत्येक वेळी कोमट पाण्याने व साबणाने धुवावा, गरम पाण्याने कधीच नाही.

माझा स्वतःचा एक अंदाज या चाचणीत साफ चुकला. लहान फटीचा माउथपीस सर्व नवशिक्यांना सोपा जाईल, असे मी गणिताने ठरवले होते. चौघांच्या बाबतीत ते बरोबर ठरले. पाचव्या मुलीने मोठ्या फटीचा नमुना मऊ पत्तीसह निवडला आणि पाठमोऱ्या बसलेल्या शिक्षकांनीही तिला त्यावरच जास्त गुण दिले. गणितात चूक नव्हती. मऊ पत्तीमुळे बंदीचा दाब पुन्हा कमी झाला होता, आणि तिच्या ओठांची ठेवण कशी होती हे माझ्या सूत्रात नव्हतेच!

आणि तो नववीतला मुलगा? दोषी माउथपीस त्याच्या हाती दीड वर्ष होता. दीड वर्ष त्याला वाटत होते की आपल्याला सूरच नाही. नव्या माउथपीसवर त्याने खालचा सूर धरला. तो थोडा थरथरत होता, पण किंचाळला नाही. ड्रमवर जाण्याचा विषय तिथेच संपला. यंदा २६ जानेवारीच्या संचलनात तो दुसऱ्या रांगेत क्लॅरिनेट वाजवत होता.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादे वाद्य किंचाळले, तर आधी काचेची पट्टी आणि ती पातळ पाती आणा. मुलाच्या कानाबद्दलचे मत त्यानंतर बनवा.