एक वही, दोन कारकून

एखाद्या पेढीच्या वहींत खातेदाराची शिल्लक 500 रुपये आहे, असें समजावें. एका कारकुनाकडे त्याचे 100 रुपये जमेस आले, दुसऱ्याकडे त्याच वेळीं 200. दोघांनींही वही पाहून 500 हा आंकडा ध्यानांत घेतला. पहिल्यानें बेरीज करून 600 लिहिले. दुसऱ्यानें मधला फरक न पाहतां त्यावर 700 लिहिले. शिल्लक 800 हवी होती. बेरीज कोणाचीच चुकली नाहीं, तरी खातेदाराचे 100 रुपये बुडाले!

संगणकांतही हेंच घडतें. एका आज्ञावलींत एकाच वेळीं चालणाऱ्या कार्यप्रवाहांस ‘थ्रेड’ म्हणतात, आणि त्या सर्वांस वाचतां व बदलतां येणाऱ्या आंकड्यास सामायिक चल. ‘एक मिळवा’ ही आज्ञा दिसावयास एकच. परंतु यंत्राच्या दृष्टीनें तिच्या बहुधा तीन पायऱ्या असतात : वाचणें, मिळविणें, परत लिहिणें. यांच्या मध्येंच दुसरा थ्रेड शिरला कीं घोटाळा होतो. हा दोष शंभरदां तपासूनही दिसत नाहीं, आणि भलत्याच वेळीं प्रकट होतो. थेरॅक-25 या किरणोपचार-यंत्राच्या बाबतींत 1985 ते 1987 या काळांत सहा रोग्यांस प्रमाणाबाहेर किरण लागले, कांहीं दगावले. त्या अपघातांत असल्याच दोषाचा वांटा होता.

यावर पहिला उपाय कुलुपाचा, म्हणजे ‘लॉक’चा. वहीची किल्ली एकच. ती ज्याच्या हातीं, त्यानेंच वही उघडावी. मात्र किल्ली वाचण्यापूर्वीं घ्यावी व लिहून झाल्यावरच सोडावी. केवळ लिहितांना घेतली तर उपयोग नाहीं. दोन वह्या लागत असतील, तर सर्वांनीं किल्ल्या एकाच ठरलेल्या क्रमानें घ्याव्या. नाहींतर एकेक किल्ली धरून दोघेही परस्परांची वाट पाहत बसावयाचे.

दुसरा उपाय अखंड आज्ञेचा. एकाच आंकड्यापुरतें काम असेल, तर तिन्ही पायऱ्या मध्यें न तुटतां उरकणारी सोय आजच्या प्रक्रियकांतच असते.

तिसरा उपाय वही सामायिक न ठेवण्याचा. त्याचें उदाहरण पुणेकरांच्या घरचेंच आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 1991 सालीं सिद्ध केलेल्या परम 8000 या महासंगणकांत प्रत्येक प्रक्रियकास स्वतःची स्मृति होती. दुसऱ्यास कांहीं कळवावयाचें तर संदेश पाठवावा लागे. तेथें एकाची वही दुसऱ्याच्या हातीं पडत नसे. पण संदेशाची वाट पाहण्यांत वेळ जाई.

उपाय कोणताही असो, नियम एकच : वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचें काम एका हातचें असावें.