दोन पासवर्ड, दोन माणसे

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्या घेतल्या. दुकानदाराचे बिल 4,580 रुपयांचे आहे, पण संगणकात रक्कम भरताना 4,850 अशी पडली. धनादेशाचा व्यवहार होता तेव्हा मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष या दोघांसमोर बिल येई आणि चूक बहुधा सहीच्या वेळी सापडे. आता हे काम पडद्यावर होते. मग ही चूक कोण पकडणार?

शासकीय अनुदानाचा खर्च ज्या ‘पीएफएमएस’ प्रणालीतून होतो, तिच्यात यासाठी दोन भूमिका आहेत. नोंद करणारा तो मेकर आणि ती तपासून मंजूर करणारा तो चेकर. दोघांचे पासवर्ड वेगळे. हा नुसता कार्यालयीन सोपस्कार वाटतो, पण त्यामागे संभाव्यतेचा एक साधा नियम आहे.

समजा, मेकरच्या हातून 100 नोंदींत 5 चुका होतात आणि चेकरच्या नजरेतून 10 चुकांपैकी 1 निसटते. मग पुढे जाणाऱ्या चुकांचे प्रमाण 5/100 × 1/10, म्हणजे 1,000 नोंदींत 5. एकच माणूस असता तर त्या 50 असत्या. या गुणाकाराला एक अट मात्र आहे: तपासणी स्वतंत्र हवी.

नेमकी हीच अट मोडते. शिक्षकांशी बोलताना आम्हांला अनेकदा कळते, की संगणक येणाऱ्या एका सहकाऱ्याकडे दोन्ही पासवर्ड सोपवलेले असतात. ज्याने घाईत 4,850 वाचले, तो पुन्हा 4,850च वाचतो. स्वतःच्या उत्तरपत्रिकेतील चूक स्वतःला दिसत नाही, हे विद्यार्थीही जाणतात. 1/10 हा अपूर्णांक 1 कडे सरकतो आणि दुसऱ्या तपासणीचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. यंत्राच्या लेखी मात्र दोघांनी तपासलेले असते. पुढे लेखापरीक्षणात चूक निघाली, तर ज्याच्या नावाने मंजुरी नोंदली गेली त्यालाच आधी विचारणा होते.

खातेक्रमांकातील चूक अधिक महाग पडते. इलेक्ट्रॉनिक भरणा केवळ खातेक्रमांकावरून जमा होऊ शकतो आणि तो बिनचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे, असे रिझर्व्ह बँकेने 2010 साली स्पष्ट केले. एनईएफटी व आरटीजीएसने पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करावी, असेही तिने बँकांना पुढे सांगितले. पण दिसलेले नाव बिलाशी ताडून पाहणारा माणूस लागतोच.

म्हणून मुख्याध्यापकांनी प्रत्येक बटण शिकायलाच हवे असे नाही. मंजुरीपूर्वी मूळ बिल हाती घेऊन त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: रक्कम किती? कोणाच्या खात्यात? कोणत्या शीर्षाखाली? ‘मला समजले नाही, पुन्हा दाखवा’ असे कनिष्ठ सहकाऱ्याला म्हणण्यात कमीपणा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 21 नुसार अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. सभेत हेच तीन तपशील मोठ्याने वाचले, तर तपासणारे डोळे आणखी वाढतील.

चेकरच्या हाताशी एक युक्तीही असावी. वरील दोन रकमांतील फरक 270, त्याला 9 ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की नेहमी असेच होते, कारण (10अ + ब) − (10ब + अ) = 9(अ − ब). कीर्द आणि पासबुक जुळत नसेल, तर आधी फरकाला 9 ने भागून पाहावे. भाग गेला म्हणजे अंक उलटलेच असे नाही, पण शोध कोठून सुरू करावा हे कळते.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. वीस बिले एका विद्यार्थ्याला वहीत उतरवू द्या. प्रथम त्यालाच तपासायला सांगा, मग दुसऱ्याला, आणि प्रत्येकाला किती चुका सापडल्या ते फळ्यावर मांडा.