लेण्यांचा कातळ आणि उत्पत्तीचे सहा दिवस

अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, पण अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात. फर्दापूरहून आत जाऊन वाघूर नदीच्या वळणावर उभं राहिलं की घोड्याच्या नालेसारखा काळा कडा समोर येतो. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. त्याला पहिली छिन्नी लागून जेमतेम सव्वादोन हजार वर्षं झाली.

शाळेच्या सहलीत याच कड्यासमोर एका मुलाने मला विचारलं, "सर, ख्रिस्ती लोकांच्या मते जग सहा हजार वर्षांपूर्वी झालं ना? मग हा दगड कधीचा?" त्याला बसमध्ये दिलेलं उत्तर अपुरं होतं. ते इथे नीट देतो, आणि त्याच्या जोडीचे आणखी काही गैरसमजही तपासतो.

गैरसमज : बायबलमध्ये पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं लिहिलं आहे.

असा आकडा बायबलमध्ये कुठेही नाही. १६५० साली आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाची सुरुवात इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली, असं गणित मांडलं. पुढे हे साल इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि वाचणाऱ्यांना ते मूळ ग्रंथातलंच वाटू लागलं. अशर यांच्या बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टिन यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना स्पष्ट म्हटलं होतं की त्यात जग घडवण्याचे जे सहा दिवस सांगितले आहेत, ते आपल्या चोवीस तासांचे दिवस समजू नयेत. साधी अडचण बघा : त्या कथेत सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर?

सहा दिवस अक्षरशः खरे मानणारे ख्रिस्ती आजही आहेत. अमेरिकेत त्यांची संख्या मोठी आहे, आपल्याकडेही काही मंडळ्या तसं शिकवतात. त्यांच्या या मताशी भूगर्भशास्त्राचं जमत नाही, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. पण ते सगळ्या ख्रिस्ती धर्माचं मत नाही. कॅथलिक चर्चमध्ये १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नसल्याचं लिहिलं. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे त्याहून पुढे गेले : उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही, असं त्यांनी मान्य केलं.

पोपपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या नागपूरचंच उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवायची, प्रवचन करायचं आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन टेकड्या पालथ्या घालायच्या, असा त्यांचा दिनक्रम. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, झाडांचे अवशेष होते. याचा अर्थ काय, ते जरा डोळ्यांपुढे आणा. लाव्हा वाहिला, थंड झाला. त्यावर पावसाचं पाणी साचून तळं झालं. तळ्यात गोगलगायी जगल्या, मेल्या, गाळात रुतल्या. मग त्या तळ्यावर पुन्हा लाव्हा आला. हे आठवडाभरात होणारं काम नव्हे. हिस्लॉप-हंटर जोडीने हे सगळं १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं, म्हणजे डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधी. हिस्लॉप यांनी ना हातोडी टाकली, ना प्रवचन सोडलं. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीत बुडून मरण पावले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. आणि ज्या लाव्ह्याचे थर त्यांनी वाचले, त्याच दख्खनच्या लाव्ह्यात आमची लेणी कोरलेली आहेत.

आपल्या भाषेमुळेही थोडा घोळ होतो. ख्रिस्ती माणूस बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो आणि शाळेतलं पोर 'शास्त्राचा पेपर' देतं. शब्द एक, काम वेगळं. दगड कधी तयार झाला, हे दुसरं शास्त्र सांगतं. माणसाने कसं जगावं, हे सांगणं पहिल्याचं काम.

गैरसमज : चर्चने गॅलिलिओला जाळलं.

जाळलं ते जिओर्दानो ब्रूनो यांना, १६०० साली रोममध्ये. त्यांच्यावरचे बहुतेक आरोप धर्ममतांबद्दलचे होते, तरी जिवंत माणूस जाळणं हे पापच. गॅलिलिओंना १६३३ मध्ये दोषी ठरवलं आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरात नजरकैदेत ठेवलं. हा अन्याय होता आणि १९९२ साली चर्चने स्वतःची चूक कबूल केली. गॅलिलिओ ज्यामुळे दोषी ठरले, ते सूर्य स्थिर असल्याचं मत चर्चने बायबलविरोधी ठरवलं ते १६१६ साली. त्याच साली गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. मला हा योग विसरता येत नाही.

गैरसमज : धार्मिक माणूस खरं विज्ञान करू शकत नाही.

याचं उत्तर सोयगावच्या शेतकऱ्याच्या हातात दर जूनमध्ये असतं : कपाशीच्या बियाण्याचं पाकीट. संकरित वाणाची सरकी घरी ठेवून पुढच्या साली पेरली तर शेत एकसारखं येत नाही. एक झाड उंच, दुसरं बुटकं, बोंडं लहान-मोठी. असं का होतं, याचा नियम ब्रनोच्या मठातल्या ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या सुमारे २८ हजार झाडांवरून शोधला आणि १८६६ साली छापला. त्याच्या एका प्रयोगात संकरित वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ७०५ झाडांना जांभळी फुलं आली आणि २२४ झाडांना पांढरी. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली सुरतेत तयार झाला, त्याच्या मुळाशी हाच नियम आहे. विश्व एका बिंदूपासून पसरत आलं, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्रही बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते.

यावरून देव आहे, असं सिद्ध होत नाही. येशूचं पुनरुत्थान ही श्रद्धेची गोष्ट, ती प्रयोगशाळेत तपासता येत नाही. इतकंच दिसतं की एका माणसात दोन्ही नांदू शकतात.

गैरसमज : विश्वास असेल तर औषधाची गरज नाही.

हा सगळ्यांत घातक. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याच्या नावाखाली गोळ्या बंद करायला लावणारे भेटतात, तेव्हा त्यांना विचारा : मग मिरजेला १८९४ साली मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी दवाखाना का उभारला? जालन्याचं मिशन हॉस्पिटल, नगरचं बूथ हॉस्पिटल कुणी काढलं? नव्या करारातला लूक तर स्वतः वैद्य होता. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग तो कुठल्याही धर्माच्या नावाने होवो.

कपाशीत निंदताना घोणस चावली तर आधी १०८ ला फोन लावा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.